मानाची काठी : सोलापूरची गड्डा यात्रा आणि प्रादेशिक उत्सवांचा वारसा

कोणत्याही प्रदेशाचा इतिहास दोन ठिकाणी लिहिला जातो. एक शिलालेख, ताम्रपट आणि दप्तरांत; दुसरा लोकांच्या वर्षभराच्या वहिवाटीत. पहिल्या प्रकारचा इतिहास अभ्यासक वाचतात, दुसऱ्या प्रकारचा इतिहास सारा समाज जगतो. कोणत्या तिथीला काय शिजवावे, कोणत्या वाटेने पालखी न्यावी, मिरवणुकीत कोणी पुढे चालावे आणि कोणी मागे, या साऱ्या गोष्टींत त्या प्रदेशाची शेती, व्यापार, कला आणि माणसामाणसांतील नाती साठवलेली असतात. म्हणूनच जत्रा, उरूस, रथोत्सव आणि मेळे यांकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता इतिहासाची साधने म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

'जत्रा' हा शब्द 'यात्रा' या संस्कृत शब्दापासून आला. यात्रेला जाणारा माणूस वाटेत थांबतो, जेवतो, खरेदी-विक्री करतो, कथा-कीर्तन ऐकतो, सोयरिकी जुळवतो आणि घरी परततो. देवदर्शन हे निमित्त, पण त्या निमित्ताभोवती अन्न, कला आणि बाजार यांचे एक संपूर्ण जग उभे राहते. अशा जत्रा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांतील काही शतकानुशतके टिकल्या, काही आपल्या डोळ्यांदेखत विरल्या. आणि मोठ्या खर्चाने नव्याने सुरू केलेले काही महोत्सव मध्येच खंडित झाले. असे का व्हावे? उत्सव टिकतो तो कशाच्या बळावर? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात सोलापूरच्या ग्रामदैवताची, श्री सिद्धेश्वरांची यात्रा उदाहरणादाखल घेतली आहे. सोलापूरकर तिला प्रेमाने 'गड्डा' म्हणतात.

कर्मयोग्याचे नगर

बाराव्या शतकात आजच्या सोलापूरच्या परिसराला सोन्नलिगे या नावाने ओळखले जात असे. शिवयोगी सिद्धरामेश्वर हे येथलेच. ते महात्मा बसवेश्वरांचे समकालीन होते. अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले आणि सिद्धरामांना कल्याणला घेऊन गेले, असे शरण परंपरा सांगते. सिद्धरामांनी कन्नड भाषेत वचने रचली. पुढे राघवांक या कन्नड कवीने त्यांच्या चरित्रावर काव्य लिहिले. सिद्धरामांच्या जीवनातील विशेष लक्षणीय गोष्ट म्हणजे त्यांचे लोकोपयोगी कार्य. कोरडवाहू, अवर्षणप्रवण प्रदेशात त्यांनी श्रमदानाने तळे खोदविले, अशी श्रद्धा आहे. भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, त्याच तळ्याच्या पाण्याने वेढलेले सिद्धेश्वरांचे मंदिर आज उभे आहे. नगराच्या परिसरात त्यांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असेही परंपरा मानते.

ज्या भूमीत पाणी हेच सर्वांत मोठे दान, तेथे तळे खोदणारा पुरुष ग्रामदैवत व्हावा, हे स्वाभाविक आहे. या यात्रेच्या मुळाशी असलेली ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. सोलापूरचा उत्सव एखाद्या विजयाच्या स्मरणार्थ नाही. तो सामूहिक श्रमातून समाजासाठी उभ्या राहिलेल्या कार्याच्या स्मरणार्थ आहे.

कथा एका विवाहाची

यात्रेचा कणा म्हणजे एक विवाहकथा. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा धरली. ते योगी, गृहस्थाश्रम त्यांना वर्ज्य. परंतु तिची निष्ठा पाहून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणजे यात्रेतील नंदीध्वज. उंच वेळूच्या या काठ्या सात आहेत. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, मानाचे नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. लिंगांना तैलाभिषेक होतो. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. नंदीध्वजांना बाशिंगे बांधलेली असतात, संमतीचे वाचन होते आणि जमलेला विराट समुदाय अक्षता टाकतो. किंक्रांतीला होम मैदानावर होम होतो. त्यानंतर वासराची भाकणूक ऐकण्यासाठी शेतकरी थांबतात. येत्या वर्षी पाऊसपाणी कसे राहील, महागाई होईल की स्वस्ताई, याचे अंदाज तेथे बांधले जातात. पुढे शोभेचे दारूकाम होते, आणि होम मैदानावरील पाळणे, खेळणी, मिठाई व संसारोपयोगी वस्तूंची दुकाने त्यानंतरही कित्येक दिवस गजबजलेली राहतात.

कथेत कुंभारकन्या अखेर होमात प्रवेश करते. हा भाग आजच्या विवेकाला मान्य होण्याजोगा नाही, आणि आज तो केवळ प्रतीकरूपाने पार पडतो. परंतु त्या कथेने समाजरचनेत काय केले, ते पाहण्यासारखे आहे. वधूपक्ष म्हणून कुंभार समाजाला उत्सवात हक्काचे स्थान मिळाले. सात काठ्यांचा मान एकाच घराण्याकडे न राहता निरनिराळ्या समाजांकडे वाटला गेला. काठी धरणाऱ्यांबरोबरच वाद्ये वाजविणारे, हार बनविणारे, होमाची सामग्री पुरविणारे, अशा प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम आले.

'मान' हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. आपल्या बोलीत मान म्हणजे प्रतिष्ठा. जत्रेच्या भाषेत मात्र मान म्हणजे कर्तव्य. ज्याला काठीचा मान, त्याला ती उचलावीच लागते. ते काम सोपे नाही. बाराबंदीच्या शुभ्र पोशाखात, गर्दीतून, उंच जड काठीचा तोल सावरीत मैलोगणती चालायचे, तर यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून सराव करावा लागतो. तरुण मुले जुन्याजाणत्यांच्या देखरेखीखाली तोल धरावयास शिकतात. खांदा कसा द्यावा, वळणावर काठी कशी फिरवावी, कोणी कोणाच्या हातून ती कधी घ्यावी, हे सारे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते दर हिवाळ्यात एका पिढीकडून दुसरीकडे जाते. लोककला म्हणतात ती हीच. ती रंगमंचावर दाखविली जात नाही, म्हणून आपण तिला कला म्हणत नाही इतकेच.

भोगीची भाजी आणि ज्वारीचे कोठार

यात्रेचा काळही विचार करण्याजोगा आहे. आपले बहुतेक सण चांद्रमासाच्या तिथींवर चालतात, त्यामुळे ते इंग्रजी तारखांच्या हिशेबाने मागेपुढे सरकतात. संक्रांत मात्र सूर्याच्या गतीवर ठरते. त्यामुळे ती ऋतूशी आणि पिकांशी घट्ट बांधलेली राहते. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली ज्वारी संक्रांतीच्या सुमारास निसवून दाण्यात येते. शेतात हिरवा हरभरा, पावटा, वाल, बोरे, ऊस असे सर्व काही एकाच वेळी तयार असते. शेतकऱ्याच्या वर्षातील हे भरल्या घराचे दिवस. उत्सव नेमका याच दिवसांत यावा, यात पूर्वजांची व्यवहारदृष्टी दिसते.

भोगीच्या दिवशी घरोघर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. त्या भाजीत हरभऱ्याचे घाटे, पावट्याचे व वालाचे दाणे, वांगी, बोरे, शेंगदाणे आणि तिळाचे कूट असे त्या हंगामात शिवारात जे जे पिकते ते पडते. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या आपल्या घरांत गाजर वगळूनही ही भाजी तितक्याच निगुतीने केली जाते. एका अर्थाने भोगीची भाजी म्हणजे त्या गावच्या शिवाराची यादीच होय. ती करणाऱ्या गृहिणीला आपल्या परिसरात काय पिकते, ते कोणत्या आठवड्यात कोवळे असते आणि कशाबरोबर कोणती चव जुळते, हे ठाऊक असावे लागते. बाजारात बारमाही भाज्या मिळू लागल्यापासून हे ज्ञान झपाट्याने क्षीण होत आहे, ही चिंतेची बाब आहे.

संक्रांतीनंतर हुरड्याचे दिवस येतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसे भाजून, हातावर चोळून, गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही यांबरोबर खाण्याची ही रीत. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखे गोड, मऊ वाण राखून ठेवले जात. जिल्ह्यातील मंगळवेढा तालुका 'ज्वारीचे कोठार' म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुष्काळात धान्याचे कोठार लोकांसाठी खुले करणारे संत दामाजी याच मंगळवेढ्याचे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरी भोजनात ज्वारी-बाजरीला पुन्हा प्रतिष्ठा आली. सोलापूरकरांच्या ताटातून मात्र कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कधी उठलीच नव्हती. तिला जपले ते सणांनी आणि जत्रांनी.

शहर बदलले, यात्रा राहिली

या आठ शतकांत सोलापूर कितीदा तरी पालटले. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि सोलापूर गिरणगाव झाले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. त्यांनी मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव नारळी पौर्णिमेला सुरू केला आणि शहराच्या उत्सवमालिकेत भर घातली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा या शहरात शेजारी म्हणून नांदू लागल्या. आपल्या समाजाच्या दृष्टीनेही हे शहर महत्त्वाचे. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली येथेच झाला आणि पुढे 'जीवराज जैन ग्रंथमाला' या नगरातूनच प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या समाजांनी आपापली ओळख राखून एक नगर घडवावे, याचे सोलापूर हे उत्तम उदाहरण आहे.

याच नगराने स्वातंत्र्यलढ्यात फार मोठी किंमत मोजली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला आणि ब्रिटिश सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ती तारीख संक्रांतीच्या ऐन तोंडावरची. चौघांची नावे वाचली तरी त्यांतून सोलापूरचा समाज डोळ्यांसमोर उभा राहतो. दरवर्षी यात्रेच्या तयारीच्या दिवसांतच या हुतात्म्यांचे स्मरण होते, आणि शहराच्या स्मृतीत भक्ती व देशभक्ती एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात.

पुढे एकेक करून मोठ्या गिरण्या बंद पडल्या. ट्रॅक्टर आल्याने बैलांची गरज घटली आणि यात्रेनिमित्त भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराला पूर्वीची रया उरली नाही. खिल्लार बैलांच्या देखण्या जोड्या पाहण्यासाठी लांबून माणसे येत, तो बाजार आटू लागला. २०२२ साली लम्पी रोगाच्या साथीमुळे राज्यभर जनावरांच्या बाजारांवर निर्बंध आले. त्याआधी, २०२१ च्या जानेवारीत, कोविडच्या निर्बंधांमुळे यात्रेतील गर्दी टाळावी लागली आणि धार्मिक विधी मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत पार पडले. बाजार नाही, पाळणे नाहीत, समुदाय नाही. तरीही विधी चुकला नाही. कारण ज्यांचा तो मान होता, त्यांनी तो आपले कर्तव्य म्हणून पार पाडला. उत्सवाच्या बळाची यापेक्षा मोठी कसोटी कोणती असेल?

महोत्सवांचा नवा काळ

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पर्यटनवाढीच्या हेतूने शासनाने ठिकठिकाणी सांस्कृतिक महोत्सव सुरू केले. वेरूळ-अजिंठा महोत्सव हा त्यांतील नामांकित. ज्या वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगराच्या कुशीत नांदतात, तेथे शास्त्रीय संगीत-नृत्याची मैफल भरावी, ही कल्पना उदात्तच होती. थोर कलावंतांनी त्या मंचावर आपली कला सादर केली. परंतु २०१६ नंतर या महोत्सवात काही वर्षे खंड पडला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो सोनेरी महालाच्या परिसरात पुन्हा भरला. मधल्या काळात तो न भरल्याने गावातील कोणाच्या घरचा नेम चुकला नाही. रसिक हळहळले असतील; पण तो भरविणे हे आपले काम आहे, असे म्हणणारा मानकरी तेथे नव्हता. निधी, अधिकारी आणि वेळापत्रक यांवर उभा असलेला उत्सव त्यांतील एक खांब निखळला की थांबतो.

याचा अर्थ शासनाने भरविलेला प्रत्येक महोत्सव निर्जीव असतो, असा मात्र काढू नये. नागालँडमध्ये डिसेंबरच्या आरंभी कोहिमाजवळील किसामा येथे भरणारा हॉर्नबिल महोत्सव २००० साली राज्य शासनानेच सुरू केला. १ डिसेंबर हा त्या राज्याचा स्थापना दिन, हे त्याचे निमित्त. आहाराच्या दृष्टीने तो प्रदेश आपल्याहून सर्वस्वी भिन्न. परंतु त्याच्या रचनेत एक मर्म आहे. तेथे प्रत्येक जमातीसाठी तिच्या परंपरागत पद्धतीचे 'मोरुंग' म्हणजे सामूहिक घर बांधलेले असते. त्या घरात त्या जमातीचे लोक आपली गाणी, नृत्ये, विणकाम आणि स्वयंपाक घेऊन येतात व पाहुण्यांचे स्वागत करतात. शासन मांडव उभारते, पण यजमान त्या त्या जमाती असतात. मानाची काठी वाटून देण्याचा जो विचार सोलापुरात शतकांपासून चालत आला, त्याचेच हे एक आधुनिक रूप म्हणता येईल.

आपल्या परंपरेतील साक्ष

हाच विचार आपल्या तीर्थक्षेत्रांच्या इतिहासातही आढळतो. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींच्या महामूर्तीचा महामस्तकाभिषेक साधारणतः बारा वर्षांनी होतो. १९८१ साली मूर्तीच्या सहस्राब्दीनिमित्त, त्यानंतर १९९३, २००६ आणि २०१८ साली तो झाला. नारळाचे पाणी, उसाचा रस, दूध, तांदळाचे पीठ, हळद, चंदन, केशर आणि फुले अशा द्रव्यांनी अभिषेक होतो, तेव्हा त्या भूमीचे सारे पीकपाणी जणू भगवंतांच्या चरणी येते. कलशांच्या रूपाने अभिषेकाचा मान हजारो श्रावकांत वाटला जातो आणि दूरदूरच्या कुटुंबांना त्या सोहळ्यात आपला वाटा लाभतो. मूर्तीच्या चरणांजवळ कन्नड आणि तमिळ यांच्या बरोबरीने मराठी लेखही कोरलेला आहे. त्याच्या नेमक्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी जुन्या मराठीच्या इतिहासात त्याचे स्थान अढळ आहे. कर्नाटकातील एका जैन तीर्थावर मराठीने आपली मुद्रा उमटवावी आणि महाराष्ट्रातील एका नगराच्या यात्रेत कन्नड वचनकारांचे स्मरण व्हावे, यावरून उत्सवांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात, हेच दिसून येते.

तीर्थक्षेत्रे ही समाजाच्या जागृतीचीही केंद्रे झाली. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, ती स्तवनिधी क्षेत्री. शिक्षण, वसतिगृहे आणि समाजसुधारणा यांचा विचार करण्यासाठी लोकांना जेथे एकत्र येण्याची सवय होती, तेच स्थान निवडले गेले. उत्सव माणसांना जमविण्याची वाट तयार करून ठेवतो. त्या वाटेने पुढे काय आणावयाचे, हे त्या पिढीच्या शहाणपणावर अवलंबून असते.

आपले कर्तव्य

प्रादेशिक उत्सव जपावयाचे म्हणजे केवळ मांडव, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक वाढवावयाचे नव्हेत. गर्दी वाढली म्हणजे परंपरा वाढली, असेही नाही. उत्सवात काम करणारे हात किती आहेत आणि त्यांत तरुण हात किती आहेत, यावरून त्याचे आयुष्य ठरते. ज्या घरात भोगीची भाजी आजी करते आणि सून-नात केवळ वाढून घेते, तेथे ती भाजी एका पिढीत संपेल. ज्या घरात नातू शेंगा सोलतो, तीळ भाजतो आणि कोणत्या दाण्याला काय म्हणतात ते विचारतो, तेथे ती टिकेल. नंदीध्वजाच्या सरावाला जी गोष्ट लागू, तीच स्वयंपाकघराला आणि तीच आपल्या मंदिरातील पूजा, आरास, रांगोळी व भजनालाही लागू आहे.

म्हणून प्रत्येक गावातील समाजाने आपल्या जत्रेची व सणांची नोंद करून ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. मिरवणुकीची वाट कोणती, मान कोणाकोणाचे, त्या दिवशी कोणते पदार्थ होतात, ते करणारे जाणते हात कोणाचे, वाद्ये कोणती, कारागीर कोठले, या साऱ्यांची टिपणे काढावीत. ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तरुणाला आणि तरुणीला उत्सवातील एखादे निश्चित काम द्यावे व ते दरवर्षी त्यांच्याकडेच ठेवावे. प्रेक्षकाला उत्सव आवडतो. पण ज्याच्याकडे काम आहे, त्याचा तो स्वतःचा होतो.

संस्थांचेही असेच असते. पन्नास वर्षांच्या वाटचालीत एखाद्या न्यासाच्या वास्तू उभ्या राहतात, निधी जमतो, नावलौकिक होतो. परंतु त्याचे खरे बळ म्हणजे ठरलेल्या दिवशी, न सांगता, आपापले काम करावयास येणारी माणसे. सोलापुरात दर संक्रांतीला जो तरुण खांद्यावर मानाची काठी पेलतो, तो आपल्या आधीच्या अनेक पिढ्यांचा भार पेलीत असतो आणि पुढच्या हातांत तो सुखरूप सोपवीत असतो. आपल्या प्रत्येक उत्सवाला आणि प्रत्येक संस्थेला असे खांदे लाभोत, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.